चाळीस पावलांचा पल्ला

गरीब शेतकऱ्याने कोणती बंदूक घ्यावी, याची सोय भारताच्या कायद्यातच करून ठेवलेली आहे. १९५९च्या शस्त्र अधिनियमातलं तेरावं कलम काढून पाहावं. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी मागायची असेल तर निदान वीस इंच नळीची, आतून गुळगुळीत अशी बंदूक; आणि पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी मागायची असेल तर ठासणीची बंदूक. या दोन मागण्यांसाठी परवाना द्यावा, असं ते कलम म्हणतं. रायफल मागणाऱ्याला मात्र आपली गरज वेगळी पटवून द्यावी लागते. रायफलच्या नळीत आत पीळ दिलेले आटे असतात, त्यातून गोळी गरगर फिरत निघते आणि सरळ लांब जाते. ठासणीच्या बंदुकीत आटे नाहीत, काडतूस नाही, भरायची पुढून आणि उडवायची एकदाच. कायदा करणाऱ्यांनी हे औदार्य म्हणून केलं की सावधगिरी म्हणून, हा वाद घालता येईल. पण अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या आमच्या किनारपट्टीवर त्या कलमाने पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्याच्या हाती जे हत्यार दिलं, ते या भूमीला बरोबर बसणारं होतं, असं माझं ठाम मत आहे.

आमच्या घरी अशी एक ठासणीची होती. आजोबांच्या धाकट्या भावाच्या, म्हणजे अण्णांच्या नावावर. माजघराच्या तुळईखाली दोन खुंट्यांवर ती आडवी असे. नळी जवळजवळ माझ्या उंचीएवढी, दस्ता सागाचा, हाताच्या घामाने काळाभोर झालेला, आणि नळीच्या टोकाला पितळेची एवढीशी माशी. बार भरायचं काम अण्णा दुसऱ्या कुणाला देत नसत. आधी शिंगाच्या मापाने दारू. तिच्यावर नारळाच्या काथ्याची गुंडी. गजाने ती ठासायची, फार जोरात नाही, पण गजाचा आवाज बदलेपर्यंत. मग शिशाचे छर्रे, पुन्हा काथ्या, पुन्हा गज. सगळ्यात शेवटी, आणि तेही शेतावर पोचल्यावरच, घोड्याखालच्या टोकावर तांब्याची केप. पावसाळ्यात केपा मेणकापडात गुंडाळून कनवटीला. दारू सर्दावली की बंदूक नुसती फुसफुसते आणि डुक्कर दोन शेतं पलीकडे जाऊन पुन्हा चरायला लागतं. परवान्यावर दारू आणि केपा किती घ्यायच्या हे लिहिलेलं असे, म्हणून प्रत्येक बाराचा हिशोब अण्णांच्या डोक्यात पक्का होता. हवेत उगाच बार काढणं त्यांना अन्न सांडण्यासारखं वाटे.

आणि पल्ला? चाळीस पावलं. तेही चांदणं असेल तर. त्यापुढे छर्रा पांगतो आणि जनावर मरत नाही, जखमी होऊन रानात शिरतं, आणि जखमी रानडुकराच्या मागे करवंदीच्या जाळीत शिरणं म्हणजे काय, हे ज्यांच्या मांडीला सुळ्याचा वण आहे त्यांना विचारावं. म्हणून अण्णांचा नियम एकच होता: चाळीस पावलांच्या आत आल्याशिवाय चापाला बोट लावायचं नाही.

सगळी विद्या त्या चाळीस पावलांतच होती. बंदूक जवळून मारणारी असल्यामुळे माणसाला जनावराजवळ जावं लागे, किंवा जनावर आपल्याजवळ यावं अशी जागा शोधावी लागे. डुक्कर कुठल्या बांधावरून उतरतो, कुठल्या चिखलात लोळतो, भातात शिरण्याआधी किती वेळ कडेला उभा राहून कानोसा घेतो, हे कळायला हवं. यात अण्णांचा गुरू आमच्या वाडीवरचा एक कातकरी म्हातारा होता. त्याच्याकडे बंदूक नव्हती आणि परवाना मिळण्याचा प्रश्नच नव्हता, पण कुठला माग संध्याकाळचा आणि कुठला पहाटेचा, हे तो चिखलाच्या कडा बोटाने चाचपून सांगे. कडा अजून धारदार असेल तर ताजा, दवाने गोलसर झाली असेल तर रात्रीचा. एकदा माळ्यावर बसायला मलाही नेलं होतं. अंधारात तो मधूनच बोट ओलं करून वर धरी. पुष्कळ वेळाने, अगदी जनावराची चाहूल लागल्यासारखं मला वाटत असतानाच, तो हळूच म्हणाला, ‘‘अन्ना, वारा फिरला. आता नाय यायचा तो. घरा चला.’’ आणि अण्णा, ज्यांनी कुणाचं ऐकलेलं मी पाहिलं नव्हतं, मुकाट्याने केप काढून उतरले. हे सगळं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याआधीचं. तेव्हा पिकात शिरलेल्या डुकरासाठी कुणाला विचारावं लागत नव्हतं.

लांब पल्ल्याच्या शिकारीची विद्या याच्या अगदी उलट टोकाला आहे. अमेरिकेतल्या डोंगरी मुलुखात एका उतारावर शिकारी आणि दरीपलीकडच्या उतारावर हरीण, अशी गाठ पडते. मधे ओहोळ, मोकळं गवत, आडोसा नाही. जवळ जायला गेलं तर जनावर तासभर आधीच बघतं. तिथे चार-पाचशे मीटरवरून मारणं ही त्या भूमीची गरज आहे, आणि बेताच्या पैशात तशी रायफल कशी जमवावी याची तिथे एक सुजाण परंपराही आहे. रायफल साधी घ्यावी. सॅव्हेज कंपनीची ११० ही जात १९५८ पासून अशाच खिशाला परवडणाऱ्या नेमबाजीसाठी नावाजलेली. अक्रोडाच्या लाकडाचा सुंदर दस्ता सोडून द्यावा, साधा प्लॅस्टिकचा चालतो. दुर्बिणीत मात्र काटकसर करू नये, कित्येक जण रायफलइतकेच पैसे दुर्बिणीवर घालतात. उरलेल्या पैशाची काडतुसं घ्यावीत आणि ती सरावात संपवावीत. हा शेवटचा सल्ला मला फार आवडतो, कारण त्यामागे गणित आहे. सेकंदाला आठशे मीटर वेगाने निघालेली गोळी शंभर मीटर जाते तेव्हा सेकंदाचा जेमतेम आठवा भाग उलटलेला असतो आणि ती आठ सेंटिमीटर खाली आलेली असते. पाचशे मीटरला तीच गोळी नळीच्या रेषेखाली अडीच मीटरच्या आसपास उतरते. मधे आडवा वारा असला तर ती हातभर बाजूला जाते. एवढा हिशोब करून, श्वास रोखून, हृदयाच्या दोन ठोक्यांमध्ये चाप ओढणाऱ्या माणसाबद्दल मला आदर आहे. त्याचीही साधना आहेच. त्यालाही वारा वाचता यावा लागतो.

पण तो वारा दरीतला. आमचा वारा वेगळा आणि आमची जमीन त्याहून वेगळी. रेवदंड्याचा खाडीपूल ओलांडून काशीद, नांदगाव करत मुरूडला जाणारा रस्ता आठवा. उजवीकडे समुद्र. त्याला लागून नारळ-सुपारीच्या वाड्या, वाड्यांत घरं. रस्त्याच्या डावीकडे भाताची खाचरं, खाचरांवर वरकस, जिथे पूर्वी नाचणी-वरी होई, आणि वरकसाला टेकून रान. एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यात माणूस आणि जनावर राहतात. रानात शिरलात तर अंजनीच्या आणि करवंदीच्या गचपणात तीस पावलांपलीकडचं दिसत नाही. रानाबाहेर आलात तर समोर कुणाचं तरी घर. रायफलची गोळी नेम चुकून निसटली तर दोन-तीन किलोमीटर सहज जाते. आमच्या शेताच्या बांधावरून कुठल्याही दिशेला दोन-तीन किलोमीटर मोजले तर एक वाडी, एक शाळा, एक देऊळ किंवा कोळ्यांची होडकी आडवी येतात. ठासणीचा छर्रा दोन खाचरांपलीकडे गेला तर आपल्याच जोराने दमून चिखलात पडतो. जवळ मारणारं हत्यार दाट वस्तीच्या मुलुखात किती शहाणपणाचं असतं, हे बंदुकीच्या कॅटलॉगातून कळायचं नाही.

जंजिऱ्याच्या नवाबांकडे पैशाची अडचण नव्हती. मुरूडचा त्यांचा राजवाडा १८८५ सालचा. समुद्राकडे तोंड करून तो अजून उभा आहे. त्याच्या मागच्या डोंगरांतलं फणसाडचं रान ही त्यांची शिकारीची राखीव जागा. १९४८ साली संस्थान विलीन झालं, आणि १९८६ साली त्याच रानाचं अभयारण्य झालं. तिथल्या पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात. चिखलगाण, धरणाची गाण अशी नावं. सुपेगावाकडून आत गेलं की उंच झाडांवर शेकरू उड्या मारताना दिसतं. सह्याद्रीच्या या बाजूला इतकं रान समुद्राच्या इतकं जवळ उरलं, त्याचं श्रेय त्या राखीवपणाला द्यावंच लागेल. पण त्या राखीव रानाच्या कडेला ज्यांची भातं होती त्यांच्या वाट्याला काय आलं, हेही सांगायला हवं. जनावर नवाबाचं आणि नुकसान कुळाचं. पुढे जनावर सरकारचं झालं. नुकसान होतं तिथेच राहिलं.

जवळून मारण्याचा विषय निघाला की जिम कॉर्बेट यांचं उदाहरण मला नेहमी आठवतं. त्यांच्या लहानपणीची पहिली बंदूक ठासणीची, दुनळी, एक नळी फाटलेली आणि दस्ता पितळी तारेने जखडलेला. दारू-छर्रा तुटपुंजा, म्हणून वायफळ बार काढायचा नाही ही सवय त्यांना तिथे लागली. पुढे १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल त्यांना .२७५ रिग्बी ही विख्यात रायफल भेट मिळाली. त्या जातीची गोळी तीनशे-चारशे मीटरवर मारायला बनलेली. पण १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा बिबट्या त्यांनी मारला तो रात्री, आंब्याच्या झाडावरच्या मचाणावरून, खाली वाटेवर बांधलेल्या शेळीपाशी तो आल्यावर, विजेरीच्या झोतात. उत्तमातली उत्तम रायफल हाती असूनही हा माणूस आयुष्यभर जनावराच्या जवळ जात राहिला. फाटक्या नळीच्या बंदुकीने लावलेली सवय त्याला कधी सुटली नाही आणि त्याने ती सोडायचा प्रयत्नही केला नाही.

१९७२ साली शिकारीचा कायदा बदलला ते योग्यच झालं. शिकार हा शौक म्हणून या देशात बंद व्हायलाच हवा होता. वाघ, सांबर, भेकर यांची जी दैना झाली होती ती पाहता दुसरा मार्ग नव्हता. मला त्याबद्दल तिळमात्र खंत नाही. खंत आहे ती राखणीची. वन्यजीव कायद्याच्या अकराव्या कलमात उभ्या पिकाचा उच्चार आहे: मालमत्तेला, त्यात शेतातलं उभं पीकही आलं, धोकादायक झालेल्या जनावराला मारण्याची परवानगी वन अधिकारी लेखी आदेशाने देऊ शकतो. कागदावर हे नीट आहे. पण डुक्कर येतो रात्री दोन वाजता आणि अर्ज द्यायचा असतो सकाळी दहानंतर. जनावराने रात्रीत उकरलेला बांध शेतकरी सकाळी फोटो काढून दाखवतो, पंचनामा होतो, आणि दुसऱ्या रात्री कळप उरलेलं भात तुडवायला येतोच. वालाच्या शेंगा भरायला लागल्या की पुन्हा तेच. थंडीत आमच्याकडे पोपटी लावायची तर वाल विकत आणायची वेळ कित्येक घरांवर आली आहे, आणि ज्या तालुक्यांची ओळख वालावर आहे तिथे याहून वाईट गोष्ट मला सुचत नाही. वानरं नारळाची कोवळी फळं पाडतात ते वेगळंच. वरकस तर बहुतेकांनी सोडूनच दिलं.

अण्णांची बंदूक आता माझ्या चुलत भावाकडे यायची आहे. मधल्या काळात ती काकांच्या नावावर होती आणि काकांनी सत्तरी ओलांडली. २०१६च्या शस्त्र नियमांत अशी तरतूद आहे की धारकाचं वय सत्तर झालं किंवा त्याने पंचवीस वर्षं शस्त्र बाळगलेलं असलं, तर परवान्यासाठी वारसाला अर्ज करता येतो. मधल्या गणपतीत गावी गेलो तेव्हा भावाने वेगळाच विषय काढला. म्हणाला, ‘‘दादा, ठासणीचा काय उपयोग आता? मुलाने मोबाइलवर दाखवलं, बाहेर लोक अर्ध्या किलोमीटरवरून मारतात. आपण एखादी रायफल नाही का मागू शकत? दुर्बीण लावून?’’

प्रश्न प्रामाणिक होता. भातात उभं राहून रात्री डबे बडवणाऱ्या माणसाला लांबून मारणारं हत्यार हवंसं वाटणारच. मी त्याला सविस्तर सांगितलं. आपल्याकडे .३०३ ही लष्करी जात नागरिकांना बंद आहे. त्याऐवजी बंगालातल्या ईशापूरच्या कारखान्यात ली-एनफिल्डच्याच घडणीवर .३१५ बोरची रायफल बनते, आणि हिंदुस्थानात बेताच्या पैशातली रायफल म्हणाल तर पूर्वीपासून तीच. पण तिला परवाना मिळवताना पीक राखणीचं कारण पुरत नाही. बारा बोरची काडतुसी बंदूक मिळू शकते. तिची ‘शक्तिमान’ काडतुसं आपल्या पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली, तो कारखाना १८६९चा. तीही जवळूनच मारते, फक्त भरायला सोपी आणि लागोपाठ दोन बार काढता येतात. एवढं सांगून मी त्याला अंगणातून बांधावर नेलं. संध्याकाळ झाली होती, वाड्यांतून दिवे लागले होते. मी त्याला म्हटलं, या बांधावरून तू दुर्बीण लावून चारशे मीटरवर नेम धर आणि नेमाच्या मागे काय आहे ते मला सांग. तो बराच वेळ बघत होता. नेमाच्या मागे त्याच्या सासुरवाडीचं गाव होतं.

नेमबाजीची आवड असेल तर तिला जागा आहे, आणि ती याच जिल्ह्यात. पनवेलला सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. २००४च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठलेल्या सुमाताईंच्या मार्गदर्शनाखाली अवनी लेखराने टोकियोत आणि पुन्हा २०२४ला पॅरिसमध्ये पॅरालिंपिक सुवर्णपदक घेतलं. दहा मीटरवरच्या लक्ष्याचा मधला ठिपका अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो, पेन्सिलीच्या टोकाएवढा. भावाच्या मुलाला मी ते सांगितलं तर तो चकित झाला. त्याच्या डोक्यात पल्ला म्हणजे किलोमीटर. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये कांस्यपदक मिळवलं ते पन्नास मीटरवर, आणि त्या पन्नास मीटरसाठी त्याचं अर्धं आयुष्य गेलं. तिथेही पैशाचा प्रश्न येतोच. परदेशी स्पर्धेची रायफल सामान्य घराला एकदम झेपत नाही. जाणते लोक नव्या मुलाला सांगतात की आधी क्लबची रायफल वापर, मग कुणाची तरी जुनी घे, दस्ता तुझ्या खांद्याला आणि गालाला बसेल असा जुळव, आणि छर्रे कुठले तुझ्या नळीला मानवतात ते तपासून एकाच जातीचे घे. मुलगा खरंच जाणार असेल तर पहिल्या वर्षाचा खर्च मी उचलणार आहे.

शेताचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही. सौरकुंपणाचा एक पट्टा भावाने घातला आहे, तो खालच्या खाचरांना उपयोगी पडतो. वर, रानाला लागून जिथे दगड आणि उतार आहे, तिथे तारा टिकत नाहीत. पावसाळ्यात वेली चढतात आणि वीज जमिनीत उतरते. तिथे राखणीला माणूसच लागतो, आणि माणसाच्या हाती काहीतरी लागतं. नुसता बार वाजला तरी कळप चार रात्री फिरकत नाही, हे अण्णांच्या वेळी सगळ्यांना माहीत होतं.

आणि नेमकी ती बंदूक निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करा असा निरोप येतो. २०२४च्या विधानसभा निवडणुकीचं मतदान २० नोव्हेंबरला होतं, आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली. आमच्याकडे भात पिकून उभं राहण्याचे आणि कापणीचे हेच दिवस. कुणाचं शस्त्र जमा करायचं आणि कुणाचं नाही हे ठरवायला छाननी समिती असते. सरसकट सगळ्यांची शस्त्रं काढून घ्यावीत असा नियम नाही. मग ज्याच्या परवान्यावर ‘पीक संरक्षण’ असं स्पष्ट लिहिलं आहे, ज्याच्यावर एकही गुन्हा नाही, ज्याचं हत्यार चाळीस पावलांपुढे निकामी आहे आणि एका बारानंतर पुन्हा भरायला मिनिटभर लागतं, त्या शेतकऱ्याला कापणी होईपर्यंत ती घरी ठेवू द्यावी. तालुक्याच्या ठिकाणी बसून हे ठरवणं अवघड नाही. गावनिहाय पीक परवान्यांची यादी काढली तर ती एका पानावर मावेल, कारण वारसांनी परवाने सोडून देऊन देऊन आता ते मूठभरच उरले आहेत.

भावाने रायफलचा विचार सोडला आहे. ठासणीच्या परवान्यासाठी वारस म्हणून त्याने अर्ज केला, त्याला सुरक्षिततेचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला जोडायचा होता, तोही जोडला. काकांचं संमतिपत्र, सातबारा, वन विभागाकडचे आधीचे पंचनामे, सगळं एका फाइलीत लावून दिलं आहे. अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही. दरम्यान वरच्या वरकसात यंदा त्याने बऱ्याच वर्षांनी वरी पेरली आणि बांधाच्या वरच्या कोपऱ्यात माळा बांधला. जागा मीच दाखवली: खाली ओढा, पाठीशी कातळ, आणि दसऱ्याच्या सुमाराला रात्रीचा वारा डोंगरावरून उतरतो तेव्हा माणसाचा वास रानाकडे जात नाही अशी.